जुन्या वायरिंगला आरसीसीबी बसवला की पडतोच, काय करावं?

अनुज_के

नमस्कार मंडळी, मदत हवीये. घराचं वायरिंग जवळपास ४० वर्षांचं आहे, थोडं लाकडी पट्टीतलं, थोडं नंतर लोखंडी पाइपातून ओढलेलं, आणि मधे मधे कुणी कुणी प्लास्टिक पट्टी मारून वाढवलेलं. किटकॅट फ्यूज मागेच काढून एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारे स्विच) लावले होते. आता घरात रांगतं मूल आहे, आईवडील आहेत, म्हणून मेन स्विचनंतर ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) लावून घेतला.

तर झालंय असं की सगळे एमसीबी खाली असले की तो राहतो, एखादा दिवा लावला तरी बऱ्याचदा राहतो, पण इस्त्री किंवा गिझर किंवा काहीही जड लावलं, मग ते कुठल्याही खोलीत असो, की खटकन पडतो. इस्त्री शेजारच्यांकडे लावून बघितली, तिथे आरसीसीबी आहे आणि काही होत नाही. वायरमन म्हणतो जुन्या वायरिंगला ही भानगड चालत नाही, एकतर काढा नाहीतर १०० मिलिअँपचा लावा. मला दोन्ही पटत नाहीये पण उत्तरही देता येत नाहीये.

जुना_तारी

अनुज, काढू नका आणि १०० चाही लावू नका. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की बसल्या जागी सांगता येतं, तुमच्या घरात कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलाय.

आधी आरसीसीबी काय करतो ते बघा, कारण हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. आत एक गोल कोअर असतो, त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला तर कोअरला काहीच कळत नाही. काही भाग दुसऱ्या वाटेने, म्हणजे माणसातून, ओल्या भिंतीतून, पाइपातून, अर्थच्या वायरीतून निघून गेला तर तेवढा फरक पडतो आणि तो ठरलेल्या आकड्याला पोचला की लॅच सुटतो. करंट किती जास्त आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तो फक्त जमाखर्च बघतो.

आता तुमची केस. न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय, म्हणजे परत येणाऱ्या करंटला दोन वाटा झाल्या. १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते, त्यातला शंभरावा हिस्सा जरी अर्थमधून गेला तरी ४३ मिलिअँप झाले, पडणारच. दिव्याचा करंट मुळात इतका कमी की त्याचा शंभरावा हिस्सा काहीच नाही, म्हणून दिव्यावर टिकतो. आणि इस्त्री कुठल्या खोलीत आहे याने फरक पडत नाही कारण न्यूट्रलची पट्टी सगळ्यांची एकच आहे. इस्त्री निर्दोष आहे, खोली निर्दोष आहे, दोष तिसरीकडेच आहे.

आणि हो, बहुतेक घरातले एमसीबी एकपोली असतात, फक्त फेज तोडतात. त्यामुळे ज्या सर्किटात दोष आहे त्याचा एमसीबी खाली पाडलात तरी त्याचा न्यूट्रल पट्टीवर जोडलेलाच राहतो. एकेक एमसीबी पाडून शोधायची नेहमीची पद्धत इथे उपयोगाची नाही, इथेच लोक थकतात आणि डिव्हाइसला शिव्या देऊन काढून टाकतात.

वीजवेडा

+१ जुना_तारी. शोधायचं कसं ते लिहितो, पण हे वायरमनकडूनच करून घ्या, परवानाधारक आणि मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) असलेला बघा, नुसता टेस्टर खिशात असलेला नको.

मेन पूर्ण बंद. फक्त आरसीसीबी पाडून भागत नाही कारण त्याच्या वरच्या बाजूला सप्लाय असतोच. मग न्यूट्रल पट्टीवरून सगळ्या न्यूट्रल वायरी सोडवायच्या, प्रत्येकीवर कुठल्या सर्किटची आहे ती चिठ्ठी लावायची, आणि जुन्या घरात हेच सगळ्यात वेळखाऊ काम आहे कारण कुणाला माहीतच नसतं. मग एकेक वायर आणि अर्थ यांच्यात मेगर, ५०० व्होल्ट डीसी. त्याआधी सगळे प्लग काढा, एलईडी दिवे, डिमर, डोअरबेल, जे जे इलेक्ट्रॉनिक कायम जोडलेलं आहे ते सुटं करा, नाहीतर रीडिंग चुकेल आणि वर ते जळेलही. आजच्या नियमांनी किमान १ मेगाओहम यायला हवा. जी वायर अर्थशी टेकली असेल तिथे काटा सरळ शून्याकडे जातो, संशयाला जागाच नाही.

नि_रंजन

वायरमनचं अगदीच चूक नाहीये हां. आमच्या जुन्या घरी पण ३० चा सारखा पडायचा, फ्रिज बंद पडून सगळं खराब व्हायचं. १०० चा लावला, तेव्हापासून शांत. काहीच नसण्यापेक्षा १०० चा बरा ना?

जुना_तारी

निरंजन, आग लागू नये म्हणून बरा, माणसासाठी नाही. १०० आणि ३०० हे मुळात वायरिंगमधल्या गळतीने आग लागू नये यासाठी, किंवा मेनला वरच्या पातळीवर लावायला असतात. माणसाला हात लागण्याचा प्रश्न असतो तिथे ३० च्या वर जायचं नाही.

का ते सांगतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या चार्ल्स डॅल्झिल यांनी माणसाला शॉक लागला की तो वायर सोडू शकतो का यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँप, बायकांची १०.५ च्या आसपास, त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. याच माणसाने १९६१ मध्ये अमेरिकेतलं जीएफसीआय (तिकडचा आरसीसीबीच म्हणा) बनवलं, म्हणूनच तिकडे सॉकेटमधलं उपकरण ४ ते ६ मिलिअँपला पडतं. बाकी बहुतेक जगात ३० मिलिअँप धरला, आणि तिथे भर वेळेवर दिला. ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि १५० ला ४० मिलिसेकंदांच्या आत सप्लाय तुटायलाच हवा. ओल्या हाताने २३० व्होल्टला हात लागला तर सहज १०० ते २०० मिलिअँप वाहू शकतात. शॉक लागेल, जोरात लागेल, पण हृदयाचा एक ठोका पूर्ण व्हायच्या आत वीज गेलेली असेल. तिथे १०० चा डिव्हाइस असेल तर ८० मिलिअँप माणसातून वाहत राहिले तरी तो पडेलच याची खात्री नाही. फ्रिजची काळजी रास्त आहे, त्यावर उपाय वेगळा आहे, खाली कुणीतरी लिहीलच.

शलाका_म

फ्रिजचं मी लिहिते. सगळ्या घराला एकच आरसीसीबी लावला की बाहेरच्या दिव्यात पाणी गेलं तरी अख्खं घर अंधारात. त्यापेक्षा सर्किटनुसार आरसीबीओ लावायचे, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डब्यात. फ्रिजला स्वतंत्र, बाथरूमला स्वतंत्र, बाहेरच्याला स्वतंत्र. खर्च जास्त होतो हे खरं, पण पडला की कुठे दोष आहे ते लगेच कळतं.

आणि दुसरं म्हणजे गळतीची बेरीज. कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, एलईडी ड्रायव्हर, सगळ्यांच्या आत फिल्टर असतो आणि तो थोडा थोडा करंट कायम अर्थमधे सोडत असतो, यात बिघाड काही नाही. अर्धा मिलिअँप इथे, एक तिथे करत बेरीज वाढते. ३० चा डिव्हाइस १५ च्या वर कधीही पडू शकतो, ते नियमात बसतं, म्हणून नेहमीची गळती ९ च्या वर जाऊ देऊ नये असा संकेत आहे. एकाच डिव्हाइसवर अख्खं घर असेल तर आधीच १२ वर बसलेलं असतं, मग ढग गडगडले तरी पडतो. निरंजन, तुमच्याकडे बहुधा हेच असणार, १०० चा लावून ते झाकलं गेलं. गळती मोजायचा क्लॅम्प मीटर मिळतो, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घ्यायचे, जो आकडा येतो तीच गळती.

नि_रंजन

शलाकाताई हे मला माहीतच नव्हतं. क्लॅम्पने मोजून घेतो, आणि बाथरूम आणि बाहेरचं वेगळं करतो.

रेवती_आर

धागा छान चाललाय, माझा एक प्रश्न. आमच्याकडे अर्थिंगची वायरच नाहीये, जुने दोन पिनचे सॉकेट आहेत. वायरमन म्हणाला अर्थ नसेल तर आरसीसीबी चालतच नाही, त्यामुळे आधी सगळं घर फोडून अर्थ ओढा. तेवढं आत्ता शक्य नाही. मग काहीच करू नये का?

जुना_तारी

रेवतीताई, करा, नक्की करा. आरसीसीबीला अर्थ लागत नाही. तो फेज आणि न्यूट्रल यांच्यातला फरक बघतो, अर्थची वायर त्याच्यातून जातच नाही. टेस्ट बटणसुद्धा अर्थशिवायच चालतं, कोअरच्या एका बाजूच्या फेजपासून दुसऱ्या बाजूच्या न्यूट्रलपर्यंत एक रेझिस्टर जोडलेला असतो बस.

फरक कुठे पडतो ते नीट समजून घ्या. अर्थ असेल तर गिझरच्या बॉडीत फेज आला त्या क्षणी करंट अर्थमधून जातो आणि कुणी हात लावायच्या आधीच तो पडतो. अर्थ नसेल तर बॉडी गुपचूप जिवंत राहते, कुणीतरी हात लावतो, त्याच्यातून करंट जातो आणि मग पडतो. म्हणजे दोष दाखवायचं काम माणसाच्या शरीराला करावं लागतं. जीव बहुतेक वेळा वाचतो, शॉक चुकत नाही. म्हणून अर्थ करायचाच आहे, पण तो होईपर्यंत आरसीसीबीशिवाय राहणं शहाणपणाचं नाही. अमेरिकेच्या कोडमधेसुद्धा अर्थ नसलेल्या जुन्या सॉकेटच्या जागी जीएफसीआय लावायला परवानगी आहे, फक्त त्यावर इथे अर्थ नाही असं लेबल चिकटवायचं बंधन आहे.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. तीन पिनचा सॉकेट लावून त्याची अर्थची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडायची, हा प्रकार जुन्या घरांत फार दिसतो. वरवर सगळं ठीक, टेस्टर लावला तरी बरोबर. पण उपकरणाच्या बॉडीत फेज आला तर तो करंट त्या तुकड्यातून न्यूट्रलनेच परत येतो, आरसीसीबीला जमाखर्च जुळलेला दिसतो आणि तो पडत नाही. आणि एखाद्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटला तर उपकरणात काही बिघाड नसतानाही त्याची पूर्ण बॉडी फेजवर येते. जुन्या घरात आरसीसीबी लावायच्या आधी प्रत्येक सॉकेट उघडून ही जोडणी शोधा, मी तर म्हणेन हे पहिलं काम.

वीजवेडा

अर्थ असला तरी नुसत्या एमसीबीवर विसंबू नका हेही यातच सांगून टाकतो, कारण लोक म्हणतात आमच्याकडे अर्थ खड्डा आहे मग आरसीसीबी कशाला. खड्ड्याचा रेझिस्टन्स २० ओहम धरा, घरगुती खड्ड्याला हा काही वाईट आकडा नाही. फेज बॉडीला टेकला तर २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर जमिनीत जाणार. १६ चा एमसीबी याला फॉल्ट समजतच नाही. बॉडी जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर तशीच उभी. ३० मिलिअँपचा आरसीसीबी मात्र यावर तत्काळ पडतो, त्याला पडायला इतका चांगला खड्डाही लागत नाही.

उलट बाजूही सांगतो. आरसीसीबी ओव्हरलोड बघत नाही, शॉर्ट सर्किट बघत नाही, त्याच्यासोबत एमसीबी हवाच. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला आणि पायाखाली कोरडं लाकूड असलं तर त्याच्या दृष्टीने तुम्ही एक दिवा आहात, तो पडणार नाही.

चैतन्य_प्र

आमच्या बोर्डात जुना ईएलसीबी आहे, त्यावर लिहिलंयही तसं. तो असला की पुरे ना?

जुना_तारी

चैतन्य, त्यात अर्थची वायर आत जाऊन बाहेर येते का ते बघा. येत असेल तर तो व्होल्टेजवर चालणारा जुना प्रकार, बॉडी आणि जमीन यांच्यात व्होल्टेज आलं की पडणारा. तुम्ही उघड्या फेजला थेट हात लावलात तर करंट अर्थच्या वायरीतून जातच नाही, तुमच्यातून जमिनीत जातो, आणि त्या डब्याला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय गिझर पाण्याच्या लोखंडी पाइपातून दुसरीकडे अर्थ झालेला असेल तर तिथूनही चकवा मिळतो. बदलून टाका.

अनुज_के

अपडेट द्यायला आलोय. दुसरे वायरमन काका आणले, मेगर घेऊन आले. सगळ्या न्यूट्रल सोडवून चिठ्ठ्या लावल्या. बाकी वायरी ठीक होत्या, काही ५ मेगाओहम काही २०, आणि एकीवर काटा शून्यावर. ती पंपाची लाइन निघाली. पंपाच्या स्विचमागचा लोखंडी डबा उघडला, तिथे पाइपाच्या तोंडाला बुश (धार झाकणारं कडं) नव्हता, कापलेली धार तशीच होती आणि त्यावर वर्षानुवर्षं न्यूट्रलची वायर टेकून होती. रबराचं इन्सुलेशन इतकं वाळलेलं की बोट लावल्यावर काळा चुरा खाली पडला आणि आत तांबं उघडं, पाइपाच्या धारेने त्याला चकचकीत खाचही पाडलेली. काका म्हणाले यावर टेप मारू नका, या पाइपातली अख्खी लाइन बदला, कारण एका टोकाला रबर असं झालंय म्हणजे आतही तसंच, ओढलं की आणखी तुटेल. बदलली.

आता इस्त्री चालते, गिझर चालतो. पण नवीन गोष्ट, शलाकाताईंचं वाचून खालच्या आणि वरच्या मजल्याला वेगवेगळे आरसीबीओ लावायला सांगितले, तर जिन्यातला दिवा लावला की दोन्ही एकदम पडतात. फक्त तो एक दिवा!

वीजवेडा

हे जिन्याचं घराघरात असतं, घाबरू नका. टू-वे स्विच लावताना त्या वेळच्या माणसाने वायर वाचवायला फेज खालून घेतला आणि न्यूट्रल वरच्या मजल्यावरून. फ्यूजच्या काळात कुणाला कळलंही नसतं. आता खालच्या आरसीबीओला दिसतंय करंट गेला पण आला नाही, वरच्याला दिसतंय गेला नाही तरी आला, दोघेही आपापल्या जागी बरोबर. उपाय एकच, दिव्याचा फेज आणि न्यूट्रल एकाच सर्किटचे करा. आणि हा नुसता पडापडीचा प्रश्न नाही. उद्या कुणी वरचा एमसीबी पाडून वरच्या न्यूट्रलला हात घालेल आणि जिन्यातला दिवा चालू असेल तर त्या सुट्या न्यूट्रलवर पूर्ण व्होल्टेज मिळेल. डिव्हाइसने तुम्हाला तोच सापळा दाखवलाय.

शलाका_म

अनुज, गिझर नंतर पडायला लागला तर आधीच सांगून ठेवते. कॉइलच्या आत जी पांढरी पावडर असते, मॅग्नेशियम ऑक्साइड, ती ओलावा ओढते. गिझर बरेच दिवस बंद राहिला की पहिल्यांदा लावताना गळती जास्त येते. वायरिंग सुदृढ असताना एकटा गिझरच पाडत असेल तर कॉइल बदला, सर्किट बायपास करून वापरू नका. ३० मिलिअँप म्हणजे फेज ते अर्थ फक्त साडेसात किलोओहमच्या आसपास, म्हणजे कॉइलची अवस्था केव्हाच वाईट झालेली असते.

रेवती_आर

आणखी एक, घेताना कुठला घ्यायचा? त्यावर एसी, ए असं काहीतरी छापलेलं असतं.

वीजवेडा

रेवतीताई, ए टाइप घ्या. एसी टाइप फक्त साध्या साइन वेव्हची गळती ओळखतो, पण हल्लीच्या उपकरणांत, इन्व्हर्टरवाल्या वॉशिंग मशीनमधे, चार्जरमधे दोष आला तर गळती तुटक डीसीसारखी येते आणि तिथे एसी टाइप पडेलच असं नाही. गाडीचं चार्जिंग असेल तर वेगळा विषय, तिथे सपाट डीसी येऊ शकते, त्यासाठी बी टाइप किंवा चार्जरच्या आतच ६ मिलिअँप डीसीचं संरक्षण लागतं.

आणि इलेक्ट्रॉनिक की मेकॅनिकल तेही विचारा. इलेक्ट्रॉनिकला चालायला स्वतःला फेज-न्यूट्रल सप्लाय लागतो. मागे न्यूट्रल तुटला तर घरात फेज येतोय पण तो मात्र मेलेला. जुन्या घरात न्यूट्रलचे सैल जॉइंट भरपूर असतात, त्यामुळे मी मेनला तरी करंटच्या जोरावरच पडणारा मेकॅनिकल घेतो.

नि_रंजन

बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर? वीज गेली की आमचा आरसीसीबी पडतो.

जुना_तारी

इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि त्यावरच्या दिव्यांचा न्यूट्रल आरसीसीबीच्या वेगवेगळ्या बाजूंना असणार, म्हणून. इन्व्हर्टरवर जेवढी सर्किट आहेत त्यांची न्यूट्रल पट्टी वेगळी करा, आणि इन्व्हर्टरच्या आउटपुटला त्यांच्यासाठी स्वतंत्र आरसीसीबी लावा. मेनच्या पट्टीशी ती पट्टी मिसळू देऊ नका.

अनुज_के

जिन्याचा दिवा झाला, फेज वरच्या सर्किटवर आणला. आता दोन्ही आरसीबीओ टिकतायत, गळती खाली ३ मिलिअँप, वर ४ च्या जरा खाली. काकांनी आरसीसीबी तपासायचं मीटर लावून पडायचा करंट आणि वेळ दोन्ही मोजले, २२ मिलिअँपला पडतोय आणि १५० ला वेळ ४० च्या बरीच आत. पोटमाळ्याची लाइन मेगरवर अर्ध्या मेगाओहमच्या खाली आली म्हणून तिचा फेज न्यूट्रल दोन्ही सोडवून ठेवलेत, ती नवीन ओढल्याशिवाय जोडणार नाही. एकच राहिलं, टेस्ट बटण किती वेळा दाबायचं? डब्यावर महिन्याला म्हटलंय, काका म्हणाले सहा महिन्यांनी चालेल.

जुना_तारी

डब्यावर लिहिलंय तेच करा. आतला लॅच फार दिवस हलला नाही तर चिकटतो, तो मोकळा ठेवणं हाच त्या बटणाचा मोठा उपयोग. दाबून पडला नाही तर त्याच दिवशी बदला, दुरुस्त होत नाही तो. पण बटण फक्त डिव्हाइस तपासतं, अर्थिंग तपासत नाही, त्यामुळे खड्ड्याचा रेझिस्टन्स वेगळा मोजून घ्या, उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना, तेव्हाच तो सगळ्यात वाईट असतो.